रिकाम्या पिंजऱ्यातली द्राक्षं

कामावर तिला सगळे काकडीबाई म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. सकाळी आल्याआल्या हात धुवायचे, काकड्या सोलायच्या, सारख्या जाडीच्या चकत्या कापायच्या, द्राक्षं देठांवरून सोडवून वेगळ्या वाडग्यात ठेवायची, आणि मग माकडांसमोर जाऊन बसायचं. माकडांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत तिची अर्धी हयात यातच गेली होती. बाकीचे येता-जाता वाडग्यात हात घालून द्राक्षं तोंडात टाकत आणि वर तिलाच विचारत, "काकडीबाई, आज द्राक्षं कमी कशी दिसतायत?" ती स्वतः मात्र एकही द्राक्ष खात नसे. का खात नाही, ते कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही त्याचा कधी विचार केला नव्हता.

माकडं लहानखुरी होती. अंगाने मांजराएवढी आणि डोक्यावर काळ्या केसांची टोपी. प्रयोगही अगदी साधा होता. दोन पिंजरे शेजारी शेजारी आणि मध्ये जाळी, म्हणजे एकीला काय मिळतंय ते दुसरीला लख्ख दिसावं. बाईने माकडाच्या हातात एक खडा द्यायचा, माकडाने तो परत करायचा आणि त्याबद्दल खाऊ घ्यायचा. दोघींना काकडी दिली तर दोघी गुमान खात. पण एकीला काकडी देऊन शेजारणीला द्राक्ष दिलं, की काकडीवाली आधी हातातल्या चकतीकडे बघे, मग शेजारणीच्या फुगलेल्या गालाकडे बघे, आणि मग चकती नेम धरून भिरकावून देई. आणि भिरकावायची ती कुणावर? द्राक्ष खाणारीवर नाही, तर देणाऱ्या बाईवर.

फेकण्यात भवानीचा हात कुणी धरू शकत नसे. भवानी हे नाव बाईनेच ठेवलेलं, आणि तिची थोबाडीत मारल्यासारखी फेक एकदा खाल्ली की नावाबद्दल कुणाला शंका उरत नसे. शेजारच्या पिंजऱ्यात मावशी असे. फाटक्या कानाची, थोराड, थंड डोक्याची. जाळीपलीकडे भवानीचा कितीही थयथयाट चालू असो, मावशी आपली गाल फुगवून द्राक्षं खात राही. तिने कधी वळून बघितलं नाही, आणि एखादं द्राक्ष जाळीतून पलीकडे सरकवावं असंही तिच्या मनात कधी आलं नाही.

भवानीच्या या एका फेकीवर सरांचं सगळं नाव उभं होतं. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. वयाने काकडीबाईपेक्षा लहान, स्वभावाने बरे, पण बोलायला लागले की समोर पाचशे माणसं बसल्यासारखे बोलत. त्यांनी भवानीची एक छोटी फिल्म काढली होती आणि देशोदेशी जाऊन दाखवली होती. लोक पोट धरून हसत. हसून झालं की सर गंभीर होत आणि सांगत, "न्यायाची चाड माणसाने शोधून काढलेली नाही. आपण माणसं होण्याच्या कितीतरी आधीपासून ती आपल्या रक्तात आहे." मग टाळ्या पडत. फिल्म चकती फेकली की तिथेच संपे. काकडीबाईचा त्यात फक्त हात दिसे, तोही रबरी मोज्यातला.

तिने एकदा ती फिल्म आईला दाखवली. आईने शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाली, "किती हट्टी मेली! मिळतंय ते गप खावं की."

घर लहान होतं. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. पुढच्या खोलीत खिडकीखाली आईचा पलंग आणि दाराशेजारी काकडीबाईची घडीची खाट. ती खाट उघडताना कुरकुरे, मिटताना किंचाळे, आणि तिच्या पट्ट्या इतक्या सैल झाल्या होत्या की झोपलेल्या माणसाचं मधलं अंग जमिनीला टेकायला आलेलं असे. दाराशेजारी यासाठी, की आईने हाक मारली तर पटकन उठता यावं. आईचे पाय कितीतरी वर्षांपूर्वीच कामातून गेले होते. तिला धरून उठवायचं, धरून चालवायचं, धरून बसवायचं, हे सगळं काकडीबाईच्या अंगावर होतं. लग्न ठरता ठरता राहिलं होतं तेही त्याच सुमारास, आणि नंतर पुन्हा ठरवायला कुणाला सवड झाली नव्हती.

मागची खोली दादाची होती. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो शिकायला म्हणून परदेशात गेला आणि तिकडचाच झाला. येऊन-जाऊन वर्षाकाठी चार फोन, आणि कधीतरी भेटायला यायचं म्हणून ठरून रद्द झालेलं. पण खोली होती तशीच होती. रुंद, लाकडी, सरळ फळ्यांचा पलंग, त्यावर चांगली घट्ट गादी, टेबलावर शाळेत मिळालेल्या ढाली, भिंतीवर त्याचा धावण्याच्या शर्यतीतला फोटो. खोलीला कुलूप असे आणि किल्ली आईच्या उशीखाली. दर आठवड्याला आई किल्ली काढून देई. काकडीबाईने खोली उघडायची, झाडायची, ढाली पुसायच्या, न मळलेली चादर काढून धुवायला टाकायची, धुतलेली घालायची, खिडकी थोडा वेळ उघडून लावायची, आणि किल्ली परत द्यायची.

डॉक्टरांनी तिची कंबर दाबून बघितली तेव्हा ती ओरडली. डॉक्टर म्हणाले, "कशावर झोपता?" तिने सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "त्या झोळीतून आधी बाहेर या. सरळ, कडक पलंगावर झोपा. नाहीतर आईंना उचलणं सोडा, उद्या तुम्हालाच उचलायला माणूस लागेल."

त्या संध्याकाळी तिने चहाचा कप आईच्या हातात दिला आणि बरेच दिवस घशाशी आलेलं बोलून टाकलं.

"आई, मी मागच्या खोलीत झोपत जाऊ का?"

"कुठल्या खोलीत?"

"मागच्या."

"ती दादाची आहे."

"दादा कुठे आहे इथे? दार उघडं ठेवीन. तू हाक मारलीस की येईन लगेच. कंबर गेली माझी, डॉक्टर काय म्हणाले सांगितलं ना तुला?"

आईने चहाचा घोट घेतला. "आणि तो आला अचानक, म्हणजे? एवढ्या लांबून आलेल्या माणसाने काय तुझ्या त्या मोडक्या खाटेवर झोपायचं?"

"म्हणजे मी झोपलेलं चालतं."

"तुला सवय आहे," आई म्हणाली. त्यात खोच नव्हती, राग नव्हता. पाऊस पडतोय हे सांगावं तसं तिने सांगितलं. काकडीबाईने कप विसळून पालथा घातला.

इकडे संस्थेत सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. कुणीतरी कुठेतरी लिहिलं होतं की माकडांना न्याय-बिय काही कळत नाही. समोर द्राक्ष दिसलं की काकडी कुणाला गोड लागेल? ही नुसती हाव आहे, आणि तिला न्याय म्हणून मिरवणं म्हणजे स्वतःचीच पाठ थोपटून घेणं आहे. सरांनी दोन दिवस ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "ठीक आहे. मावशीला तिथून हलवा. शेजारचा पिंजरा रिकामा ठेवा आणि द्राक्षं त्या रिकाम्या पिंजऱ्यात टाका. भवानीला द्राक्षं दिसू देत, पण खाणारं कुणी नको. नुसती हाव असेल तर ती तरीही फेकत राहील. बघूच."

मग रोज सकाळी काकडीबाई भवानीला काकडी देई आणि एक द्राक्ष रिकाम्या पिंजऱ्यात ठेवी. पुन्हा काकडी, पुन्हा रिकाम्या पिंजऱ्यात द्राक्ष. पहिल्या दिवशी भवानीने चकती फेकली, खडा फेकला, पाण्याची वाटीही उलथवली. सरांचा चेहरा पडला. पण मग हळूहळू फेकणं कमी होत गेलं. आधी ती चकती हातात धरून नुसती बसू लागली, मग कडा कुरतडू लागली, आणि महिना सरत आला तोवर काकडी घेऊन, रिकाम्या पिंजऱ्याकडे पाठ करून, निमूट खाऊ लागली. पलीकडे द्राक्षांचा ढीग तसाच पडून राही, आणि संध्याकाळी काकडीबाई तो केरात टाके.

सर हर्षाने नाचायचेच बाकी राहिले. "बघितलंत ना? द्राक्ष दिसतं म्हणून राग येत नाही. ते खाणारं कुणीतरी समोर असावं लागतं. रिकाम्या पिंजऱ्याची काय, सवय होते!"

काकडीबाई वाडगी धुवायला गेली आणि नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली. सवय होते. इतकी वर्षं तिला स्वतःचंच एक कोडं होतं. आईने तिच्यात आणि दादात डावं-उजवं केलं हे तिला लहानपणापासून दिसत होतं, ती काही आंधळी नव्हती. मग आपण भांडलो का नाही? आपल्यात पाणीच कमी आहे की काय, असं तिला वाटे. आता उत्तर सापडलं. द्राक्षं होती, पण खाणारा समोर नव्हता. तिला हसू फुटलं. मग तिच्या ध्यानात आलं की रिकाम्या पिंजऱ्यात द्राक्षं ठेवणारा हात इथेही आपलाच आहे आणि घरीही आपलाच. आठवड्याच्या आठवड्याला न चुकता चादर बदलणारी बया दुसरी कुणी नव्हती. हसू तोंडातच राहिलं आणि तिने नळ बंद केला.

एक गोष्ट तिच्या डोळ्यांना खुपत होती. भवानीच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, केस विरळ झाले होते. काकडी खाऊन झाली की ती एका हाताने दुसऱ्या हाताचे केस चिमटीत धरून उपटत बसे. तिने सरांना सांगितलं. सरांनी खरोखर वाकून, चष्मा सारखा करून, नीट बघितलं.

"ऋतू बदलतोय, केस गळत असतील. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. पण आज फेकलं नाही ना काही?"

"नाही."

"मग झालं," सर म्हणाले. मोजायचं ते फेकणं, असं आधीच ठरलेलं होतं. केस मोजायचं कुणी ठरवलं नव्हतं. डॉक्टरांनी मलम दिलं. भवानीने ते चाटून टाकलं.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. त्याच्या कचेरीचं इकडे काही काम निघालं होतं आणि तो यायचा होता, चांगला आठवडाभर.

आईच्या अंगात वारं संचारलं. जिला कूस बदलायला माणूस लागे, ती पलंगाच्या काठावर स्वतः उठून बसली आणि तिथूनच हुकूम सोडू लागली. "पडदे बदल. त्याला तो हिरवा रंग आवडत नाही. गादीला ऊन दाखव. ढाली चकचकीत झाल्या पाहिजेत. आणि ते डांबराच्या गोळ्यांचं डबडं काढ तिथून, त्याला वास सहन होत नाही." काकडीबाईने जिवाचं रान केलं. गादी एकटीने ओढत गच्चीवर नेली आणि उतरवताना जिन्याच्या वळणावर तिच्या कंबरेत कट् करून काहीतरी वाजलं. ती तिथेच पायरीवर बसली. डोळ्यांसमोर अंधारी आली.

"पडलीस का गं?" आईने खालून विचारलं.

"नाही."

"गादी मळली नाही ना?"

काकडीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने ती तिथेच दाबली, कारण खोली अजून रिकामी होती. आता मात्र तिला खरी भीती वाटू लागली. दादा येणार, त्या पलंगावर पाय पसरून झोपणार, आणि आपण दाराशेजारच्या खाटेवरून त्याचं घोरणं ऐकणार. मग आपण काय करू? सरांचं म्हणणं खरं असेल तर आपण काय करू हे तिला पक्कं माहीत होतं.

दादा आला. पोट सुटलेलं, केस पिकलेले, अंगाला मंद सुगंध, हातात भलीमोठी बॅग. आला तो तसाच आईच्या पलंगावर बसला आणि आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरला. मग तो उठून बहिणीकडे आला, तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "काय चिमणे, केवढी वाळलीस गं!" पन्नाशी उलटलेल्या बाईला चिमणी म्हणणारं जगात आता हे एवढंच घर उरलं होतं. तिला भरून आलं. दादा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सगळंच सोपं झालं असतं.

तो मागच्या खोलीत गेला. "अरे वा! अजून होती तशीच आहे की!" ढाली हातात घेऊन हसला, फोटोतल्या स्वतःच्या पोटाकडे आणि खऱ्या पोटाकडे बघून आणखी हसला. मग पलंगावर धपकन बसला आणि लगेच उठला. "बाप रे! ही गादी आहे का फळी? यावर झोपायचो मी?" बाहेर येऊन तो सहज म्हणाला, "तसं कचेरीने हॉटेल दिलंय मला. उगाच तुमची धावपळ कशाला? येत जाईन मी रोज."

काकडीबाईने आईकडे बघितलं. आता आई काहीतरी फेकेल असं तिला वाटलं, निदान एखादा शब्द. आईचा चेहरा क्षणभर विझला, आणि दुसऱ्या क्षणी ती म्हणाली, "बरोबर आहे बाबा. कामाच्या माणसाला झोप नीट मिळायला हवी." एवढंच.

काकडीबाईने रागाची सगळी तयारी करून ठेवली होती. आता तो राग कुणावर काढायचा? खाणारा आला होता, द्राक्षांकडे बघून हसला होता, आणि वाडगा बाजूला सारून निघून गेला होता. असा प्रयोग संस्थेत अजून कुणी केलेला नव्हता.

दादा रोज आला. तासभर बसे, तिकडच्या गमती सांगे, आईला हसवून हसवून बेजार करी. खोलीला पुन्हा कुलूप लागलं होतं. शेवटच्या दिवशी तो विमानतळावर जाण्याआधी निरोप घ्यायला आला. काकडीबाई चहाचा ट्रे घेऊन येताना भिंत धरून चालत होती.

"चिमणे, कंबरेला काय झालं गं तुझ्या?"

"काही नाही. ही खाट."

दादाने खाटेकडे बघितलं, पट्ट्यांवर हात दाबून बघितला, आणि त्याला मनापासून वाईट वाटलं. ते त्याच्या तोंडावर दिसलं. "अगं मग मागच्या खोलीत झोप ना! आई, हिला का नाही देत ती खोली? मी काय थोडाच येऊन राहणार आहे आता? तो पलंग चांगला कडक आहे, हिला बराच पडेल."

आता आई काय काय म्हणेल ते काकडीबाईला पाठ होतं. पण आईने उशीखाली हात घातला, किल्ली काढली आणि पुढे केली.

"घे. दादा म्हणतोय ना, घे."

काकडीबाईने ट्रे ठेवला आणि किल्ली हातात घेतली. उशीच्या उबेने ती कोमट झाली होती. इतक्या वर्षांत तिने ती कितीदा हातात घेतली होती, पण प्रत्येक वेळी परत करण्यासाठी.

"बघ, किती मोठं मन आहे त्याचं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज कौतुकाने ओला झाला. "आपली खोली बहिणीला देऊन टाकली. सगळेच भाऊ काही असं करत नाहीत. आठवण ठेव हो याची."

"असू दे गं आई," दादा लाजून म्हणाला आणि त्याने एक अख्खं बिस्किट तोंडात टाकलं.

काकडीबाईने हातातल्या किल्लीकडे बघितलं. मग दादाच्या फुगलेल्या गालाकडे बघितलं. आणि मग तिने किल्ली फेकली. जोरात, नेम धरून. दादावर नाही. ती आईच्या छातीवर लागली आणि शालीवरून घसरून मांडीत पडली.

"अगं!" दादा उभा राहिला. "काय हे? काय झालं तुला?"

"डॉक्टरांचं सांगितलं तेव्हा नाही दिलीस," काकडीबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता. "मी मागितली तेव्हा नाही दिलीस. रोज उठून तुला उचलते मी, आई. मी. आणि हा एक शब्द बोलला तर लगेच? मला नको त्याची खोली. नको मला."

बोलून झालं आणि तिला इतकं हलकं वाटलं की कंबर दुखतेय हेही ती विसरली. असं मोकळं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. हेच का ते, असं तिच्या मनात आलं. भवानीला रोज हेच मिळत होतं तर.

आईने तिच्याकडे बघितलंच नाही. ती दादाकडे वळली. "मनाला लावून घेऊ नकोस रे. वय झालं की एकट्या बायका अशाच होतात." मग तिने किल्ली शालीच्या टोकाने पुसली आणि पुन्हा उशीखाली ठेवली. "नको तर नको. पुढच्या वेळी आलास की तुलाच लागेल रे."

गाडी खाली येऊन उभी होती. दादाने आईला जवळ घेतलं, बॅग उचलली आणि दारात थांबून हळूच म्हणाला, "चिमणे, मी तुझ्याच बाजूने बोललो होतो गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. ते खरंच होतं, आणि तेच तिला गिळता येत नव्हतं.

अंधार पडता पडता आईला बाथरूमला जायचं झालं. काकडीबाईने तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं, तेव्हा कंबरेतून अशी कळ गेली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आता रडतेस कशाला?" आई म्हणाली. "दिली होती ना? तूच फेकलीस."

दुसऱ्या दिवशी संस्थेत पाहुणे यायचे होते. सरांना रिकाम्या पिंजऱ्याचा निकाल त्यांच्यापुढे मांडायचा होता आणि त्यानंतर खरा खेळ दाखवायचा होता, म्हणून मावशीला परत तिच्या पिंजऱ्यात आणलं होतं. काकडीबाई कंबरेला पट्टा आवळून, ताठ, स्टुलावर बसली. पाहुणे अर्धवर्तुळात उभे राहिले. भवानीने खडा दिला, काकडी घेतली. मावशीने खडा दिला, द्राक्ष घेतलं. भवानीने चकतीकडे बघितलं, मावशीच्या गालाकडे बघितलं, आणि महिनाभराचं साठलेलं सगळं त्या फेकीत घातलं. चकती काकडीबाईच्या खांद्याला लागून स्टुलाजवळ पडली.

लोक खदखदा हसले. सरांचे डोळे चमकले. "न्यायाची चाड!" ते म्हणाले, आणि माणूस माणूस होण्याच्या आधीपासून वगैरे सगळं त्यांनी सांगितलं. टाळ्या पडल्या, कॅमेरे बंद झाले, आणि चहाला म्हणून सगळी मंडळी बोलत बोलत बाहेर गेली.

काकडीबाईला लगेच उठता येईना, म्हणून ती बसून राहिली. मावशी मिटक्या मारत होती. भवानी थोडा वेळ तोंड फिरवून बसली. मग गजांशी आली, केस उपटून उघडा पडलेला हात तिने बाहेर काढला आणि जमिनीवर पडलेल्या चकतीकडे लांबवला. बोटं पुरेनात. तिने खांदा गजांत घुसवला, गाल गजावर दाबला. तरी पुरेनात. हे फिल्ममध्ये कधीच नसे, फिल्म आधीच संपे.

"नको म्हणालीस ना?" काकडीबाई म्हणाली. "मग आता काय गं, बये?"

तिने वाकायला बघितलं, पण कंबर वाकेना. शेवटी तिने चपलेच्या टोकाने चकती पिंजऱ्याकडे सरकवली. भवानीने ती उचलली, मांडीला घासली आणि खाल्ली. काकडीबाईकडे तिने बघितलं नाही.

घरी आल्यावर तिने चहा केला. आईच्या हातात कप दिला. खाट भिंतीला मिटून उभी होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. पहिल्यांदा मागितली होती त्याहून आज मागणं अवघड होतं, कारण आज मागायला कालचं सगळं गिळावं लागणार होतं. तिने ते गिळलं.

"आई, किल्ली दे. झोपते मी मागच्या खोलीत."

आईने कप खाली ठेवला. ती काही चिडली नाही, उलट तिला लेकीची थोडी दयाच आली असावी. ती म्हणाली, "अगं, माझं काय आहे त्यात? काल त्याने दिली होती, तू त्याच्या तोंडावर नाकारलीस. आता मी कोण देणारी? त्यालाच विचारायला हवं." तिने उशी नीट केली आणि फोनसाठी हात पुढे केला. "पोचला असेल एव्हाना. लाव त्याला फोन."

काकडीबाईने फोन लावला.